बंद घरातलं जातं

प्रिय आये,

पत्र बघून तू आधी हेच म्हणाली असतीस, "कागद कशाला फुकट घालवतेस गं हिरे? बोल की तोंडानं!" म्हणून मुद्दाम जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरी लिहितेय. तोंडानं बोलायला गेलं की निम्मं राहून जातं.

परवा सुमननं माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आई, हे खड्डे कशाचे गं?" एवढी मोठी झाली, पण आजवर तिनं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, लहानपणी देवी आल्या होत्या. तर म्हणते, "कुठल्या देवी?" ऐकलंस? तो रोग आता उरलाच नाही, असं त्यांच्या बाईंनी शाळेत सांगितलंय म्हणे. ज्या नावानं तू हात जोडून थरथरायचीस, ते नाव आता माझ्या पोरीला समजावून सांगावं लागतं.

मी सांगायला बसले. वाडीचं सांगितलं, ओढ्याचं, आबांचं सांगितलं. पण काशीकाकूच्या घरापाशी आले आणि थांबले. तिथून पुढचं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. ते तुझ्याशीच बोलायला हवं.

आपलं घर कसं होतं, ते तर सुमनला खरंच वाटेना. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात भाताची कणगी. विकत आणायचं ते मीठ, रॉकेल आणि कधीमधी काडेपेटी. भांडी राखेनं, डोकं शिकेकाईनं. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की धाकट्या बाळ्याची दुपटी, आणि दुपटंही गेलं की चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं! काडी ओढणं तर तुझ्या जिवावर यायचं. झोपताना निखारे राखेत पुरून ठेवायचीस आणि सकाळी नुसत्या फुंकरीवर चूल पेटवायचीस. कुणाची चूल विझलीच तर शेजारी जायचं आणि खापरात विस्तव मागून आणायचा. शेजार म्हणजे काशीकाकू. तिचं अंगण आणि आपलं अंगण एकच होतं.

त्या वर्षी चैत्रात बया वाडीत शिरली. तू तिला रोग म्हणायची नाहीस, बयाच म्हणायचीस. आधी काशीकाकूची यमी गेली. माझ्याएवढी होती. मोहाची फुलं वेचायला आम्ही दोघी एकाच टोपलीला दोन बाजूंनी धरून जायचो. मग खालच्या आळीतलं एक तान्हं गेलं. आणि एका सकाळी माझं अंग तापलं, तिसऱ्या दिवशी तोंडावर पुरळ दिसला. लस टोचणारा माणूस वाडीत येऊन गेला तेव्हा मी नेमकी आजोळी होते. तुम्हा सगळ्यांच्या दंडावर खुणा होत्या, माझाच दंड कोरा!

दुपारी माणसं अंगणात जमली. वाडीतला वडीलधारा नामाआजा लांबूनच म्हणाला, "सूनबाई, पोरीला माळावरच्या खोपीत ठेव. वाडीत नको. दोन लेकरं गेली."

तू उंबऱ्यात उभी होतीस. मी आतून तुझी पाठ बघत होते. पुढं कितीतरी दिवस मला काही दिसणार नव्हतं, म्हणून ती पाठ अजून डोळ्यांपुढं आहे.

"या उनात? पाल्याच्या खोपीत?" तू म्हणालीस. "मी नाय काढायची पोरीला घराभायेर. तुमाला भ्या वाटतं तर तुमी जा."

आणि ते गेले गं! तुझ्या एका वाक्यावर अख्खी वाडी उठली. भांडीकुंडी, गुरं, कोंबड्या घेऊन सगळे ओढ्यापलीकडं माळावर राहायला गेले. तुझं चुकलं असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण जाताना आपल्या दाराकडं कुणी बघितलंही नाही. बाळ्या अजून अंगावर पीत होता. तू त्याला आबांच्या हातात दिलंस आणि लगेच आत आलीस. आबा त्याला घेऊन अंगणात नुसतेच उभे राहिले. पुरुषाला काय सुचणार?

तेव्हा काशीकाकू आली. यमीला जाऊन फार दिवस झाले नव्हते. कडेवर तिचा तान्हा होता. तिनं घराला कुलूप घातलं, आबांपुढं आली आणि बाळ्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माज्यापाशी हा पितो, त्योही पील," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

त्यानंतर वाडीत उरलो तू आणि मी.

माझे डोळे सुजून मिटले. पापण्यांवरही फोड आले होते. म्हणून ती ओस वाडी मी पाहिली नाही, ऐकली. आधी कुत्री भुंकायची, मग तीही माणसांच्या मागं गेली. कुणाचा तरी विसरलेला कोंबडा एकटाच आरवायचा, मग तोही थांबला. भर दुपारी वारा सुटला की रिकाम्या घरांची दारं कुलपासकट खडखडायची, जणू आतून कुणी ढकलतंय. तू म्हणायचीस, "वारा हाय." पण म्हणताना माझा हात घट्ट धरायचीस.

तुझी छाती दाटून यायची. परसात फणसाच्या बुंध्याशी बसून तू दूध पिळून टाकायचीस आणि दात आवळून कण्हायचीस. मला वाटायचं, परसात दुसरंच कुणीतरी कण्हतंय.

दिवस कलला की ओढ्यापलीकडून आबांची हाक यायची.

"हिरी हाय काय गं?"

"हाय!"

"बाळ्या बरा हाय! काशीवयनीपाशी हाय!"

आबा तांदूळ दगडावर ठेवून मागं सरायचे, मग तू जाऊन आणायचीस. एवढाच काय तो माणसाचा आवाज. घरात बया असताना फोडणी द्यायची नाही, जातं फिरवायचं नाही, म्हणून तू नुसती पेज करायचीस. नाचणीची टोपली पडवीत तशीच पडून होती.

मग ती सकाळ आली. थकून तुला गाढ झोप लागली आणि राखेतले निखारे विझले. काडेपेटी रिकामी. अशा वेळी विस्तव मागायला तू काशीकाकूकडं गेली असतीस. पण कुठली काशीकाकू? तू चुलीपाशी बसून राहिलीस, मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग उठलीस, दार उघडलंस आणि "अगो बया!" म्हणालीस.

उंबऱ्यापाशी खापर होतं. त्यात राखेखाली लाल निखारे.

"कोन हाय?" तू ओरडलीस. "कोन हाय गं?"

सगळ्या वाडीला कुलपं. उत्तर कोण देणार?

दुसऱ्या दिवशी हंडा भरलेला. विहीर वाडीच्या खालच्या अंगाला, आणि मला सोडून तू तिथवर जाऊ शकत नव्हतीस.  मला पाणी पाजण्याआधी तू स्वतः एक घोट घेतलास, तो मला ऐकू आला, आणि थोडी थांबलीस. तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. आधी स्वतःला काय होतंय ते तू बघत होतीस ना?

आणि मग ती दुपार. उन्हानं कौलं तडतडत होती. दूर शेतात जाळलेल्या पाल्यापाचोळ्याच्या, राबाच्या वासानं सगळी हवा भरली होती. मी गोधडीवर कडुलिंबाच्या पाल्यात पडले होते, आणि शेजारून आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र. जातं! काशीकाकूच्या बंद घरात कुणीतरी दळत होतं. आणि दळता दळता गुणगुणत होतं. शब्द नाहीत, नुसता हेल.

"आये, काशीकाकू आली काय?"

तू माझ्या कानांवर हात ठेवलेस. तुझे तळवे गार पडले होते, चैत्रातल्या उन्हात!

"यमी आली काय गं?" मी विचारलं. तापातलं बोलणं होतं ते. पण तू माझ्यापासून एकदम मागं सरलीस.

त्या संध्याकाळी उंबऱ्यावर कुड्याच्या पानात नाचणीचं पीठ होतं. आणि पडवीतल्या टोपलीतली नाचणी उतरली होती. तू ते पीठ शिजवलं नाहीस, टाकूनही दिलं नाहीस. वर शिंक्यावर ठेवून दिलंस. मेलेल्या पोरीनं दळलेलं पीठ म्हणून तुला त्याला हात लावायची भीती वाटली, आणि अन्न म्हणून टाकवेना. खरं ना? आबांना तू हाक मारून का सांगितलं नाहीस? ते ओढा ओलांडून धावत आले असते, म्हणून?

दुसऱ्या दिवशी जातं पुन्हा फिरू लागलं. तुझ्या अंगात तोवर ताप भरला होता, दाटलेल्या दुधाचा. तुझा हात माझ्या कपाळापेक्षा गरम लागत होता. तरी तू उठलीस. मी तुझा पदर धरला, तो सोडवून घेतलास. अंगणातून तुझी पावलं गेली ती मी ऐकली. काशीकाकूच्या दारापाशी थांबली.

"यमे," तू म्हणालीस. इतक्या मऊ आवाजात तू मलाही कधी हाक मारली नव्हतीस. "यमे, बाय माजी, तू हायेस काय गं आत? भूक लागली असंल तर ये, माज्याकडं जेव. रोज ये. पन हिरीला नको नेऊस. तिला ऱ्हाऊ दे मला."

जातं थांबलं.

आये, आयुष्यात मी पुष्कळ भीती पाहिली, पण ते जातं थांबलं तेव्हाची शांतता मला आजही सोसत नाही.

मग आतून बाईचा घोगरा आवाज आला. "यमी नाय गं. मी हाय."

परसदाराची दोरी सुटल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ तू पडल्याचा. पुढचं तू मला मोठेपणी सांगितलंस. घराच्या मागून ती आली. काळीठिक्कर, अंगभर कोळशाची पूड, त्यावर पिठाचा पांढरा थर. तोंडभर देवीचे वण, आणि एक डोळा नुसता पांढरा, कवडीसारखा. तुला वाटलं, बयाच आली. हात जोडायलाही तुला बळ नव्हतं. तिनं तुला काखेत हात घालून उचललं आणि घरात आणून माझ्याशेजारी निजवलं.

डोंगराच्या अंगाला कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या, तिथली ती. वाडी उठून गेली आणि एकाच घरातून धूर येतोय, हे तिनं वरून पाहिलं होतं. मग एका सकाळी धूर दिसला नाही, म्हणून विस्तव घेऊन खाली आली. एवढीच गोष्ट! तुझ्या घरात दळायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून शेजारच्या घरात शिरून दळत होती.

"मग हाक का नाय मारलीस?" तू विचारलंस.

"वाडीतल्या कुनी बघितलं असतं तर? हिनंच रोग आनला म्हनून मला धरून मारलं असतं. माज्या तोंडाकडं बघ की."

"तुला भ्या नाय वाटत?"

"मला येऊन गेलीय ती. आता काय करनार?"

त्यानंतर ती रोज येऊ लागली. तिचा हात मला आठवतो. भाकरीच्या तव्यासारखा खरबरीत, पण फोडांवर पिसासारखा फिरायचा. कसला तरी पाला वाटून तिनं तुझ्या छातीला लेप दिला. शिंक्यावरचं पीठ काढून अंबील केली आणि आधी तुला पाजली. मी खाजवू नये म्हणून माझे हात धरून ती शब्द नसलेलं गाणं गात बसायची. तुझा ताप उतरला. मग माझे डोळे उघडले, आणि मला पहिल्यांदा दिसलं ते तिचं तोंड. मी घाबरले नाही. उलट वाटलं, मीही आता अशीच दिसणार, आणि ही तर किती चांगली दिसते!

वाडी परत येणार असं आबांनी ओढ्यापलीकडून सांगितलं, त्या दिवशी तू तिला म्हणालीस, "ऱ्हा गं. मी सांगते समद्यांना. तुजं नाव तरी सांग."

ती हसली. "नाव कळलं की हाक मारशील. मग मला यावं लागंल."

आणि गेली. तुझ्याशी मी आजवर कधी भांडले नाही, पण हे एक विचारतेच. तू तिच्यामागून का गेली नाहीस? मी उठून बसायला लागले होते. परसापर्यंत तरी जायचंस!

वाडी आली. काशीकाकूनं बाळ्याला तुझ्या मांडीवर ठेवलं, तेव्हा तो तुला ओळखेना, तिच्याकडंच झेपावू लागला. तू रडलीस आणि तिला सगळं सांगितलंस. तिच्या घरात शिरल्याचं, जात्याचं, त्या बाईचं. यमीला मारलेली हाक तेवढी सांगितली नाहीस.

काकूनं कुलूप उघडलं. आपण तिघी आत गेलो, मी तुझ्या कडेवर. जात्याभोवती जमिनीवर पिठाचा पातळ थर होता, आणि त्यात पावलं उमटली होती. मोठी, रुंद पावलं, त्या बाईची. आणि त्यांच्या बाजूला, जात्याच्या पलीकडच्या अंगाला, लहान पावलं. माझ्याएवढी. दळणाऱ्या बाईसमोर बसून कुणी जात्यात दाणे सोडावेत, तशी.

ती बाई एकटीच यायची. तुला ठाऊक होतं, मलाही.

तू गडबडीनं म्हणालीस, "तिची पोर असंल एकादी. भट्टीवरून येत असंल संगती." काशीकाकूनं मान हलवली. रडली नाही. कोंबड्या झाकायचं डालं आणलं आणि त्या लहान पावलांवर उलटं ठेवलं. पाऊस लागून जमिनीला ओल येईतो तिनं ते हलवलं नाही, तिथली जमीन सारवली नाही. सगळं घर सारवून ती तेवढीच जागा सोडायची. पावलं कुणाची होती? तिची पोर होती की नव्हती? मला अजून कळलेलं नाही, आणि आता सांगणारंही कुणी उरलं नाही.

मी चालायला लागले तेव्हा तू आणि आबा भट्टीवर गेलात. तू तांदूळ घेतले होतेस आणि तुझं एकुलतं एक बरं लुगडं. तिथं जमिनीवर नुसतं काळं वर्तुळ होतं. भट्ट्या लावणारे दुसऱ्या रानात निघून गेले होते. तू तांदूळ आणि लुगडं तिथल्या दगडावर ठेवून आलीस. एका लुगड्यावर कसं वर्ष काढलंस, ते मी पाहिलंय.

पुढं बाळ्या कारखान्यात लागला आणि तुला रसायनीला घेऊन गेला. तिथल्या खोलीतही तू दार पुढं करून ठेवू द्यायची नाहीस. कोण कुठला मजूर, कोण डोक्यावर बोचकं घेतलेली बाई, तू बोलवून पाणी द्यायचीस, भाकरी द्यायचीस, नाव विचारायची नाहीस. बाळ्या चिडायचा. "आये, कोन कुटला मानूस, वळख ना पाळख!"

"म्हनूनच," तू म्हणायचीस.

शेवटच्या आजारात तू छताकडं बघून कुणाला तरी "बस गं, बस" म्हणत होतीस. मी विचारलं, कोण आहे? तू माझ्याकडं असं पाहिलंस, की एवढं कसं दिसत नाही हिला! मी तुझ्या पायथ्याची जागा मोकळी केली आणि बाजूला सरून बसले. बरोबर केलं ना?

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. मी वाडीवर गेले होते. आये, वाडी पुन्हा ओस पडत चाललीय. या वेळी कुणाच्या भीतीनं नाही, कामाधंद्यासाठी. पोरं गेली, घरांना कुलपं. भर दुपारी तसाच सन्नाटा होता. काशीकाकू ओट्यावर बसली होती. तिची दृष्टी गेलीय आणि डोकंही ठिकाणावर नसतं. मी अंगणात पाऊल टाकलं, तशी तिनं मान वर केली.

"यमे, आलीस काय गं? किती येळ लावलास!"

 मी मागं वळून पाहिलं, खरंच सांगते! मागं कुणी नव्हतं.

"काकू, मी हिरी," मी म्हटलं.

तिचा चेहरा बघायला हवा होतास. दिव्यावर फुंकर घालावी तसा झाला. "हिरी व्हय," ती म्हणाली. "मग यमी कुटं ऱ्हायली?"

तिची सून म्हणाली, "रोज इचारते ताई. सांगून सांगून दमलो."

मी घरी आले, पण ते "कुटं ऱ्हायली" कानातून जाईना. दोन पोरी एकाच टोपलीला धरून चालायच्या. त्यातली एक राहिली, कारण तिच्या आईनं बंद दारापुढं पदर पसरला आणि आतून एक परकी बाई बाहेर आली. दुसरीच्या आईनं तुझ्यावर पदर पसरायची वेळही न आणता बाळ्याला उचललं. माझा भाऊ तिच्या दुधावर जगला. तिच्या पोरीचं नाव तिनं घेतलं आणि मी ते नाकारलं! का? खरं बोलायचा हट्ट कशाला?

म्हणून तुला शब्द देते, आये. येत्या रविवारी मी पुन्हा वाडीवर जाणार आहे, आणि नंतरही जात राहणार आहे, ती असेतो. ती "यमे" म्हणाली की मी म्हणेन, "आले गं आये." तुला मारायची हाक तिला मारेन. जवळ बसेन, तिचा हात माझ्या तोंडावरून फिरू देईन. वण लागले तर लागू देत. यमीलाही देवीच आल्या होत्या.

तू रागावू नकोस. आणि यमी तिकडं तुझ्यापाशी असेल, तर तिला जेवू घाल. तू तिला बोलावलं होतंस.

तुझी, आणि रविवारपासून थोडी काशीकाकूचीही,
हिरी